पेपरला अल्टमेट्रिक स्कोअर ३, मग तो फाईलमध्ये लिहायचा का?

मॅडम, तुमचा प्रश्न लांबलचक होता, म्हणून मला तो कसा समजला ते आधी लिहितो. तुम्ही कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका अनुदानित कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवता. राधानगरी-भुदरगड भागातल्या देवरायांमधल्या वनस्पतींवर तुमचा पेपर दोन वर्षांपूर्वी एका परदेशी जर्नलमध्ये आला. त्याच्या पानावर जे रंगीत कडं दिसतं, त्यात आकडा आहे ३, म्हणजे पेपरची ऑनलाइन किती दखल घेतली गेली ते मोजणारा अल्टमेट्रिक स्कोअर. तुमच्याच कॉलेजातल्या फिजिक्सच्या सरांच्या पेपरला ९६. यंदा आयक्यूएसीनं, म्हणजे कॉलेजच्या गुणवत्ता कक्षानं, वार्षिक अहवालाच्या तक्त्यात ‘अल्टमेट्रिक स्कोअर’ असा नवा रकाना घातलाय. त्यात भर म्हणून कुणीतरी ‘पैसे भरा, स्कोअर वाढवून देतो’ असा मेल पाठवलाय. तर स्कोअर वाढवायचा कसा, कॅसच्या (म्हणजे प्राध्यापकांच्या बढतीच्या) फाईलला तो चालतो का, आणि ३ लिहून शोभा करून घेण्यापेक्षा रकाना कोरा सोडला तर?

मी कोल्हापुरात ग्रंथालयात काम करतो. संशोधकांना सायटेशन (इतर पेपरांनी दिलेले संदर्भ) आणि त्यांवरून निघणारा एच-इंडेक्स काढून देणं, नॅकच्या, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाच्या, वेळी तक्ते भरायला मदत करणं, हेच रोजचं काम. तुमच्या प्रश्नात दोन गोष्टी एकमेकींत अडकल्यात. त्या आकड्याला किती किंमत द्यायची ही एक, आणि देवरायांवरचं तुमचं काम कुणी वाचलं, कुठं वापरलं हे समितीपुढं कसं मांडायचं ही दुसरी. पहिलीचं उत्तर लवकर संपतं. वेळ घालवायचा तो दुसरीवर.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर आहेत, त्या आधीच सांगून टाकतो. तुमच्या आयक्यूएसीला तो रकाना कशासाठी हवाय हे मला माहीत नाही. छाननी समितीवर कोण बसणार यावरही बराच फरक पडतो. पण तुम्ही पेपरचा डीओआय (कायमचा ओळख क्रमांक) दिला होता, म्हणून पान उघडून बघता आलं, आणि त्यातून बरंच कळलं.

आधी आकडा येतो कुठून ते बघू. एखाद्या पेपरला सायटेशन मिळायला वर्ष-दोन वर्षं सहज जातात, आणि सायटेशन देतात ते फक्त पेपर लिहिणारेच. वाचणारे, शिकवणारे, धोरण ठरवणारे त्यात कुठंच येत नाहीत. म्हणून २०१० मध्ये जेसन प्रीम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक जाहीरनामा काढला, की वेबवर संशोधनाची जी चर्चा होते तीही मोजा. २०११ मध्ये युआन अ‍ॅडी यांनी लंडनमध्ये अल्टमेट्रिक नावाची कंपनी काढली. ते रंगीत कडं त्यांचंच. प्रत्येक रंग म्हणजे एक स्रोत: लाल म्हणजे बातम्या, पिवळा म्हणजे ब्लॉग, असं. मधला आकडा म्हणजे वजन देऊन केलेली बेरीज. बातमीला साधारण ८, ब्लॉगला ५, सरकारी किंवा संस्थेच्या धोरण-अहवालातल्या उल्लेखाला ३, विकिपीडियाला ३ आणि एक्सवरच्या पोस्टला ०.२५. ट्विटचं वजन पूर्वी १ होतं, ते नंतर कमी केलं. तेव्हा कार्यशाळांच्या जुन्या पीपीटीतला तक्ता बघून हिशेब करू नका. बातम्यांतही मोठ्या आणि छोट्या वृत्तसंस्थांचं वजन वेगळं धरतात, त्यामुळं ही बेरीज ढोबळच. सायटेशन या आकड्यात येत नाहीत. मेंडेलीवर, म्हणजे संशोधक पेपर साठवतात त्या सॉफ्टवेअरवर, कितीजणांनी पेपर साठवलाय तेही येत नाही. पानावर ते वेगळं दाखवतात.

आता सरांच्या ९६ कडे या. त्यांच्या पेपरचा डीओआय तुम्ही दिला नाहीत, म्हणून हा माझा अंदाज आहे, पण असे पेपर नेहमी हाताखालून जातात. आपल्याकडं थिन फिल्म, सुपरकपॅसिटर, गॅस सेन्सर यावर भरपूर काम होतं आणि बऱ्याच पेपरना कोरियातला नाहीतर युरोपातला सहलेखक असतो. त्या विद्यापीठाचं जनसंपर्क कार्यालय प्रसिद्धीपत्रक काढतं, ते युरेकअलर्टसारख्या संकेतस्थळावर चढतं, आणि विज्ञानाच्या बातम्या देणारी संकेतस्थळं ते जसंच्या तसं उचलतात. अशी १२ संकेतस्थळं झाली की १२ गुणिले ८, झाले ९६. बाराही ठिकाणी मजकूर एकच. एकाही बातमीदारानं सरांना फोन केलेला नसतो. सरांचं काम कमी दर्जाचं आहे असं मी अजिबात म्हणत नाही. पण त्या ९६ मधून प्रसिद्धी कार्यालय चांगलं चालतंय एवढंच नक्की समजतं. तुमच्या पेपरला असं कार्यालयच नव्हतं. ३ आणि ९६ शेजारी ठेवून तुलना करायची सोयच इथं नाही.

पावसाळ्यात आपण सगळे राजाराम बंधाऱ्याची पातळी बघतो. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं, आणि म्हणून त्या आकड्याला अर्थ आहे. अल्टमेट्रिकच्या आकड्याला अशी खूण कुठंच मारलेली नाही. किती म्हणजे चांगला, हे विषयावर ठरतं, वर्षावर ठरतं. आरोग्य, मानसशास्त्र, प्राणी, हवामान या विषयांची चर्चा लोक करतात. शुद्ध गणिताची किंवा वनस्पतींच्या वर्गीकरणाची सहसा करत नाहीत. अल्टमेट्रिकच्या पानावर ‘त्याच सुमाराला त्याच जर्नलमध्ये आलेल्या पेपरांपैकी इतक्या टक्क्यांच्या वर’ अशी एक ओळ असते. तुलना करायचीच वेळ आली तर ती ओळ वापरा, मधला आकडा नको.

शिवाय त्या आकड्याला कौतुक आणि शिव्या यातला फरक कळत नाही. ३१ जानेवारी २०२० ला दिल्लीच्या संशोधकांचा एक प्रीप्रिंट, म्हणजे तज्ज्ञांनी तपासण्याआधीचा पेपर, बायोआर्काइव्ह या संकेतस्थळावर आला. नव्या करोना विषाणूच्या प्रथिनात एचआयव्हीशी जुळणारे तुकडे आहेत, असा त्यांचा दावा. सोशल मीडियावर तो तुफान फिरला, जगभरच्या शास्त्रज्ञांनी तिथंच जाहीर चुका दाखवल्या आणि दोन-तीन दिवसांत लेखकांनी तो मागं घेतला. आता त्या काळातल्या प्रत्येक ‘हे चुकीचं आहे’ या पोस्टनंही त्याचा स्कोअर वाढलाच असणार. दुसरा नमुना मजेशीर आहे. २०१४ मध्ये माशांच्या वर्तनावरच्या एका पेपरात लेखकांनी आपापसात लिहिलेलं ‘इथं अमक्याचा तो टुकार पेपर उद्धृत करायचा का?’ हे वाक्य खोडायचं राहिलं आणि तसंच छापून आलं. पेपर जगभर गाजला, मासे सोडून.

आता तुमचं पान. तुम्ही बहुधा फक्त कडं बघितलंत, त्यावर क्लिक केलं नाहीत. तिथं एक्सवरची एक पोस्ट आहे, ती खुद्द जर्नलच्या खात्याची. नवा अंक निघाला की त्यातल्या प्रत्येक पेपराची ते टाकतात. ती सोडून द्या, तिची किंमत ०.२५. उरलेले ३ आले कुठून? इंग्रजी विकिपीडियावर एका झाडाचा लेख आहे, त्यात हे झाड महाराष्ट्रात कुठं आढळतं या वाक्याला तुमचा पेपर संदर्भ म्हणून दिलाय. म्हणजे त्या झाडाबद्दल जो कुणी शोधेल त्याला तुमचं नाव दिसणार. बारा नकलांपेक्षा हे मला जास्त मोलाचं वाटतं. फक्त एक करा: त्या लेखाच्या वरच्या ‘इतिहास’ टॅबमध्ये जाऊन तो संदर्भ कोणत्या खात्यानं, कधी घातला ते बघा. तुम्ही स्वतः किंवा तुमच्या विद्यार्थ्यानं घातला असेल तर फाईलमध्ये त्याचा उल्लेख करू नका. तिऱ्हाइतानं घातला असेल तर जरूर करा.

खाली मेंडेलीचे वाचक दिसतात, ४१. त्यातले बरेचसे पीएचडी आणि एमएस्सीचे विद्यार्थी. विषयांची विभागणी बघितली तर शेती-जीवशास्त्र, पर्यावरण, आणि चक्क काही समाजशास्त्राचे. देवराई हा श्रद्धेचाही विषय आहे, त्यामुळं ते येणारच. स्कोअरमध्ये या ४१ जणांना शून्य वजन आहे. पण आजवर झालेल्या अभ्यासांत पुढं मिळणाऱ्या सायटेशनशी त्यातल्या त्यात बरा संबंध दिसतो तो मेंडेलीच्या वाचकांचा. ट्विटचा संबंध फारच कमजोर निघतो. कारण सरळ आहे. पेपर मेंडेलीत साठवणारा माणूस बहुतेक वेळा काहीतरी लिहायला बसलेला असतो, तर शेअर करणाऱ्यानं शीर्षकाखालचं काही वाचलेलं असेलच असं नाही.

हे सगळं बघायला पैसे लागत नाहीत. जर्नलच्या पानावर कडं नसेल तर अल्टमेट्रिकचं बुकमार्कलेट, म्हणजे एक छोटं बटण, ब्राउझरच्या पट्टीवर ओढून ठेवा आणि पेपरच्या पानावर असताना दाबा. कॉलेजला स्कोपस हा पेपर-सायटेशनचा डेटाबेस असेल तर तिथं पेपरखाली प्लमएक्स या दुसऱ्या मोजणीचे आकडे दिसतात. ते मला एका बाबतीत जास्त प्रामाणिक वाटतात: सायटेशन, वापर, साठवण, उल्लेख, सोशल मीडिया असे पाच गट वेगवेगळे दाखवतात, सगळं एका आकड्यात कोंबत नाहीत. दोन्हींचे आकडे जुळणार नाहीत. दोघांचे स्रोत वेगळे आहेत, तेव्हा घाबरू नका.

अल्टमेट्रिकच्या मोजणीत काय येत नाही, हा तुमच्या दृष्टीनं जास्त महत्त्वाचा भाग. व्हॉट्सअ‍ॅप येत नाही, कारण ते खासगी आहे. आपल्याकडं तर पेपर फिरतो तो तिथंच, तोही पीडीएफ म्हणून. फेसबुकवरची फक्त सार्वजनिक पानं, व्यक्तिगत खाती नाहीत. लिंक्डइनचं मोजणं २०१४ मध्येच बंद पडलं. छापील वर्तमानपत्र तर दूरच. आपल्या दैनिकाच्या जिल्हा पानावर तुमच्या संशोधनाची चार कॉलम बातमी फोटोसकट आली, तरी तिच्यात ना जर्नलचं नाव असतं ना डीओआय. ‘कोल्हापूरच्या प्राध्यापिकेचे संशोधन’ एवढंच असतं. मोजणारी यंत्रणा आधी बातमीतली लिंक शोधते. लिंक नसली तर लेखकाचं आणि जर्नलचं नाव यांवरून जुळवायचा प्रयत्न करते, पण तेही त्यांच्या यादीत असलेल्या प्रकाशनांपुरतं.

म्हणून स्कोअर ‘वाढवायचा’ म्हणण्यापेक्षा, जी चर्चा खरोखर होते ती नोंदली जाईल अशी तजवीज करा. तुम्ही लिहिलेल्या प्रत्येक मराठी लेखाखाली, भाषणाच्या यूट्यूब वर्णनात, कॉलेजच्या संकेतस्थळावरच्या बातमीत डीओआयची पूर्ण लिंक द्या. गूगल ड्राइव्हची लिंक नको, तिथं गेलेला माणूस कुणाच्याच मोजणीत येत नाही. पत्रकाराला टिपण देताना जर्नलचं नाव आणि डीओआय ठळक लिहा, आणि वेब आवृत्तीत तेवढी लिंक ठेवा अशी विनंती करा. बहुतेक जण ठेवतात, त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. प्रीप्रिंट टाकला असेल तर त्याचा डीओआय निराळा असतो, म्हणून पेपर छापून आल्यावर सगळीकडं छापील आवृत्तीचाच द्या, नाहीतर दखल दोन पानांत वाटली जाते.

आणि यंत्रणेला जे कधीच दिसणार नाही त्याची नोंद तुम्हालाच ठेवावी लागेल. तुमच्या प्रश्नात एक वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंत, की दोन गावांच्या ग्रामपंचायतींनी तुमच्याकडून वनस्पतींची यादी मागून घेतली. मॅडम, सगळ्यात भारी गोष्ट ती आहे, आणि तुम्ही ती कंसात टाकलीत! जैविक विविधता कायदा २००२ प्रमाणं गावपातळीवर जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिनं लोकजैवविविधता नोंदवही ठेवायची असते. तुमची यादी त्या नोंदवहीत गेली असेल, तर तुमचं संशोधन कायद्यानं ठेवायच्या कागदात वापरलं गेलं. लंडनच्या कंपनीला हे दिसणार नाही. धोरणाच्या कागदांतले उल्लेख शोधायला ओव्हरटन नावाचा वेगळा डेटाबेस आहे, तोही अ‍ॅडी यांनीच पुढं काढला. पण ग्रामपंचायतीच्या कपाटातली हातानं लिहिलेली वही त्यालाही दिसत नाही. तेव्हा एक चक्कर मारा. नोंदवहीच्या त्या पानाची झेरॉक्स घ्या, ग्रामसेवकांकडून सही-शिक्का घ्या, आणि ‘सदर यादी अमुक पेपरवरून घेतली’ असं दोन ओळींचं पत्र मागा. पत्राचा मसुदा तुम्हीच टाईप करून न्या, म्हणजे काम एका फेरीत होतं. वन खात्यानं बोलावलं असेल, शाळेनं देवराईची सहल काढली असेल, तर त्यांचीही पत्रं याच फायलीत लावा.

पैसे घेऊन स्कोअर वाढवणाऱ्यांना उत्तरसुद्धा देऊ नका. एका माणसानं दहा पोस्टी टाकल्या तरी एका स्रोतात तो एकदाच मोजला जातो, म्हणून ही मंडळी शंभर खोटी खाती वापरतात. पण पोस्टी टाकणाऱ्यांची यादी उघडी असते. समितीतल्या एखाद्यानं कड्यावर क्लिक केलं की देवराईच्या पेपरवर कुठल्या तरी क्रिप्टोवाल्या खात्यांनी एकाच दिवशी टाकलेल्या एकसारख्या पोस्टी दिसणार. मग पेपर खरा असूनही संशय तुमच्यावर येईल.

कॅसचं म्हणाल तर थेट उत्तर: २०१८ च्या यूजीसी नियमावलीतल्या संशोधन गुणांच्या तक्त्यात पेपरचे गुण आहेत, जर्नलच्या इम्पॅक्ट फॅक्टरप्रमाणं (त्यातल्या पेपरांना सरासरी किती सायटेशन मिळतात त्याप्रमाणं) वाढीव गुण आहेत, ऑनलाइन दखलीला एकही गुण नाही. एनआयआरएफ ही सरकारी क्रमवारीही स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स या डेटाबेसमधले पेपर आणि सायटेशन बघतं. म्हणजे ३ चे ३०० झाले तरी त्या तक्त्यात अर्धा गुण वाढणार नाही. पण मुलाखतीत ‘तुमच्या संशोधनाचा समाजाला काय उपयोग?’ हा प्रश्न हमखास येतो, आणि तिथं नोंदवहीची झेरॉक्स बोलते.

राहिला आयक्यूएसीचा रकाना. कोरा सोडू नका. कोरा रकाना म्हणजे पेपरच नाही असं समजणारे लोक असतात. ३ लिहा आणि शेरा लिहायला जागा मागा. शेरा साधारण असा: ‘इंग्रजी विकिपीडियावरील एका लेखात संदर्भ, मेंडेलीवर ४१ वाचक, दोन ग्रामपंचायतींच्या लोकजैवविविधता नोंदवहीत वापर, पत्रे सोबत.’ शेवटचा भाग अर्थात नोंदवही बघून खात्री झाल्यावरच. समन्वयक ऐकणारे असतील तर त्यांना सांगा, की २०१५ मध्ये नेचरमध्ये आलेल्या लायडेन जाहीरनाम्याच्या दहा तत्त्वांपैकी पहिलंच असं आहे की आकड्यांनी तज्ज्ञांच्या मूल्यमापनाला आधार द्यावा, त्याची जागा घेऊ नये. आणि तिसरं आहे स्थानिक महत्त्वाच्या संशोधनाला जपण्याबद्दल. रकान्याचं नाव बदलून ‘ऑनलाइन व इतर दखल (तपशिलासह)’ केलं तर फिजिक्सच्या सरांचंही नुकसान नाही, आणि इतिहास-मराठीच्या ज्या प्राध्यापकांच्या पुस्तकांना डीओआयच नसतो त्यांचीही सोय होते. समन्वयक ऐकणारे नसतील तर ३ लिहून सही करा आणि आपली पत्रांची फाईल वेगळी वाढवत राहा.

एक तांत्रिक गोष्ट विसरू नका. हा आकडा खालीही येतो. कुणी पोस्ट काढून टाकली, एखादं खातं बंद झालं, की कमी होतो. म्हणून आकडा लिहाल तिथं ‘दिनांक अमुक रोजी पाहिल्याप्रमाणे’ असं लिहा आणि त्या दिवशीच्या पानाचा स्क्रीनशॉट, मधल्या आकड्याचा नव्हे तर खालच्या पूर्ण यादीचा, पत्त्याच्या पट्टीसकट पीडीएफ करून ठेवा. विकिपीडियाच्या लेखाचीही त्या तारखेची कायमची लिंक मिळते, बाजूच्या साधनांच्या यादीत. ग्रामसेवकांची बदली व्हायच्या आत तेवढी पत्रं मात्र हातात घ्या.